‘देव एक नेतो, दुसरं देतो’? कान आपोआप तयार होत नाहीत

अंध मुलांच्या आईवडिलांना हे वाक्य हमखास ऐकावं लागतं: डोळे गेले की कान आपसूक तीक्ष्ण होतात. हे खरं नाही. डोळसांना न येणारा बारीक आवाज अंधांना येतो, असं नसतं. आवाजाची दिशा काहींना जास्त चांगली कळते, पण ती वापरातून, सरावातून. या गैरसमजापायी सोळा वर्षांच्या मुलीला काही न शिकवता ‘जमेल तिला’ म्हणून सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

पांढरी काठीच बघा. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे टेकतं, म्हणजे उजवं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासून होते. हे कोणीतरी शेजारी चालून शिकवावं लागतं.

कॉलेजचंही तसंच. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, पण माउसविना फाइल शोधणं बारावीआधीच हाताला बसायला हवं. परीक्षेत लेखनिक मिळतो, केंद्रीय सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादाही मिळतात. तरी ‘इथे परिच्छेद तोड, आता वाचून दाखव’ असं सांगत उत्तर बांधणं ही वेगळीच तयारी आहे.

आणि चहा! कपाच्या काठावर बोट ठेवून ओतायला तिला घरीच शिकवा.