पहिला धडा सर्वांत शेवटी

सांख्यिकीचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, एम.एड.चं असो, मानसशास्त्राचं असो की नेट-सेटच्या तयारीचं. पहिल्या प्रकरणात चार मापनश्रेणी भेटतात: नाम, क्रम, अंतर आणि गुणोत्तर. मग सरासरी, मध्यांक, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). मग घंटेसारखा वक्र, काय-वर्ग, टी-चाचणी. आणि अगदी शेवटी, परीक्षा तोंडावर आलेली असताना, शून्य परिकल्पना, म्हणजे ‘इथे नशिबापलीकडे काही नाही’ असं आधी धरून चालणं. वाचणाऱ्याला वाटावं की कुणीतरी आधी पाया खणला, त्यावर भिंती चढवल्या आणि मग छप्पर घातलं.

इतिहास पाहिला तर हे घर उलटं बांधलेलं आहे. चार श्रेणींचा तो पहिला धडा १९४६ चा. टी-चाचणी १९०८ ची, काय-वर्ग १९०० चा. आणि शून्य परिकल्पनेचा युक्तिवाद, ते नाव मिळण्याच्या कितीतरी आधी, १७१० साली करून झाला होता.

तो करणारा जॉन आरबथनॉट हा इंग्लंडच्या ॲन राणीचा वैद्य. त्याने लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी घेतल्या, १६२९ ते १७१०, अशी ८२ वर्षांची. प्रत्येक वर्षी मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त होती. मुलगा की मुलगी हे निव्वळ नाणं उडवण्यासारखं असेल, तर एखाद्या वर्षी मुलगे जास्त भरण्याची शक्यता निम्मी. सलग ८२ वर्षं तसंच घडण्याची शक्यता काढायला निम्म्याचं निम्मं ८२ वेळा करायचं: साधारण ४८ वर २३ शून्यं इतक्यात एक. तेव्हा हे नाणं नव्हे, असं आरबथनॉटने ठरवलं. इथवर त्याचं बरोबर होतं. पण तिथून तो थेट ईश्वरी योजनेवर गेला: पुरुष धोक्याची कामं करतात, जास्त मरतात, म्हणून देव ते आधीच जास्त पाठवतो. शून्य परिकल्पना फेटाळली म्हणजे आपल्या मनातलं कारण सिद्ध झालं, ही चूक आजच्या प्रबंधांतही सापडते. तिचं वय तीनशेच्या वर आहे.

पुढची पावणेदोनशे वर्षं इथे ओलांडून जाऊ. लाप्लास आणि गाऊस यांनी चुकांचा वक्र, म्हणजे तोच घंटेसारखा, दिला, बेल्जियमच्या केतलेने तो माणसांच्या उंचीला आणि छातीच्या मापाला लावला, गॉल्टनने आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून सहसंबंधाची वाट धरली. खरी गर्दी होते ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, कार्ल पिअर्सनच्या भोवती. ‘प्रमाण विचलन’ हे नाव पिअर्सनचं. त्याचा मित्र वेल्डन याने १२ फाशांचा संच २६,३०६ वेळा टाकून निकाल लिहून ठेवले होते. फासे सरळ आहेत की नाहीत, हे १९०० साली पिअर्सनने नव्या काय-वर्गाने, म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतली तफावत तोलणाऱ्या चाचणीने, तपासलं. ते सरळ नव्हते. पाच आणि सहा जरा जास्तच पडत होते.

या मंडळींची एक बाजू पुस्तकांत सहसा येत नाही. कवट्या, उंची, बुद्धी मोजण्याची ही हौस बरीचशी सुप्रजननशास्त्रातून आलेली होती, म्हणजे कोणत्या माणसांनी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी नाही, हे ठरवण्याच्या खटाटोपातून. गॉल्टन आणि पिअर्सन यांची नावं त्या कॉलेजने २०२० साली आपल्या इमारतींवरून काढली. सूत्रं अर्थातच राहिली.

पिअर्सनकडे मोजायला शेकड्यांनी, हजारांनी माणसं असायची. विल्यम गॉसेटकडे चार शेतं असायची. डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत तो नोकरीला होता, आणि बार्लीचं कुठलं वाण चांगलं हे त्याला मोजक्या प्रयोगांवरून ठरवायचं होतं. अडचण अशी, की नमुना चारचाच असेल तर सरासरीचा तर भरवसा नाहीच, पण त्यावरून काढलेल्या प्रमाण विचलनाचाही नाही. मग चूक किती असू शकते हे कशाच्या आधारे सांगायचं? गॉसेट एक वर्ष पिअर्सनच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला. ३,००० गुन्हेगारांच्या उंचीची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीची मापं तयार होती. ती त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारचे ७५० गट पाडले. गणिताने काढलेला वक्र या गटांशी जुळतो का, हे ताडून पाहिलं. आज संगणक क्षणात करतो ती नक्कल या माणसाने हाताने केली. १९०८ साली टी-चाचणीचा हा लेख छापून आला तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने, कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. पिअर्सनला यात फारसा रस नव्हता. इतके छोटे नमुने फक्त खट्याळ बिअरवालेच घेतात, अशी थट्टा त्याने एका पत्रात केली होती.

रस होता रोनाल्ड फिशरला. १९१९ पासून तो रॉथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात होता, आणि शेतातही नमुने छोटेच. तिथली चहाची गोष्ट प्रसिद्ध आहे. म्युरिएल ब्रिस्टल ही शैवालांची अभ्यासक म्हणाली, कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते. फिशरने १९३५ च्या पुस्तकात, बाईंचं नाव न घेता, यावर अख्खं प्रकरण लिहिलं. आठ कप, चार आधी दुधाचे, चार आधी चहाचे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आठांतून चार निवडण्याचे ७० मार्ग, त्यातला बरोबर एकच. बाईंना काहीही कळत नसेल तरी नुसत्या नशिबाने सगळे कप ओळखण्याची शक्यता ७० त एक, म्हणजे दीड टक्क्याहून कमी. पण प्रत्येक चारांत एकेक कप चुकला तर? तसे मार्ग १६. बिनचूकचा एक धरून १७, म्हणजे जवळपास २४ टक्के. इतकं तर कुणालाही नशिबाने जमेल. म्हणून या प्रयोगात एकही चूक चालत नाही, आणि हे पहिला कप ओतण्याआधीच कळतं. परिकल्पना-चाचणी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि वर्गात खरोखर चहा करता येतो हा वरचा फायदा.

पाच टक्क्यांची रेघही फिशरचीच. १९२५ च्या पुस्तकात त्याने लिहिलं की २० त एक ही मर्यादा ‘सोयीची’ आहे. तिच्यामागे तत्त्व असं काही नव्हतं. पण त्याने कोष्टकं दिली ती ५ टक्के, २ टक्के, १ टक्का अशा ठरावीक रकान्यांची. बोट ठेवून वाचायची सवय लागली आणि सोय हळूहळू नियम झाली. पुढे १९५६ मध्ये खुद्द फिशरनेच लिहिलं, की वर्षानुवर्षं, सगळ्या परिस्थितीत, एकाच ठरावीक पातळीवर परिकल्पना फेटाळणारा वैज्ञानिक नसतो. तोवर उशीर झाला होता.

दरम्यान दुसरी फळी उभी राहिली होती: कार्लचा मुलगा एगॉन पिअर्सन आणि पोलंडचा येर्झी नेमन. ठिणगी पुन्हा गॉसेटची. १९२६ साली एगॉनला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं, एखादी परिकल्पना टाकायला कारण हवं, आणि ते म्हणजे समोर दुसरी जास्त पटणारी परिकल्पना असणं. यातून १९३३ पर्यंत नेमन-पिअर्सन यांची मांडणी तयार झाली: पर्यायी परिकल्पना, पहिल्या प्रकारची चूक (खरी शून्य परिकल्पना फेटाळणं) आणि दुसऱ्या प्रकारची (खोटी न फेटाळणं), चाचणीची ताकद (खोटी पकडण्याची शक्यता). फिशर पुरावा किती भक्कम हे तोलत होता. हे दोघे निर्णयाचा नियम आधीच ठरवत होते, म्हणजे दीर्घकाळात आपण किती वेळा चुकू याचा हिशेब बांधता येतो. त्याच वर्षी कार्ल पिअर्सन निवृत्त झाला आणि त्याचा विभाग दोघांत वाटला गेला, एक भाग फिशरला, दुसरा एगॉनला. इमारत एकच, पण चहाच्या वेळा वेगळ्या ठेवल्या होत्या असं सांगतात: एकांचा चार वाजता, दुसऱ्यांचा साडेचारला. सामायिक भिंतीवरून भांडणाऱ्या भावकीपेक्षा हे फार निराळं नव्हतं.

आणि मग पाठ्यपुस्तकं आली. १९४० नंतर मानसशास्त्र-शिक्षणशास्त्राच्या अमेरिकन पुस्तकांनी फिशरचं पी-मूल्य (नुसत्या नशिबाने असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता) घेतलं, नेमन-पिअर्सनच्या दोन चुका घेतल्या, दोन्ही एकत्र कालवले आणि नावं गाळली. आज ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ म्हणायचं की ‘फेटाळता आली नाही’ यावर मार्गदर्शक आणि विद्यार्थी अडतात, त्याचं मूळ या कालवणात आहे. पहिलं वाक्य नेमनच्या घरात चालतं, फिशरच्या घरात चालत नाही.

आता तो पहिला धडा. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने १९३२ साली भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांची एक समिती नेमली. प्रश्न होता: संवेदना मोजता येते का? १९४० पर्यंत एकमत झालं नाही. भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन कॅम्पबेलचं म्हणणं, दोन काठ्या टोकाला टोक लावून बेरीज करता येते. दोन आवाजांच्या मोठेपणाची तशी बेरीज करून दाखवा. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स नेमकं आवाजाच्या मोठेपणाचंच माप बनवून बसले होते. १९४६ च्या लेखात त्यांनी व्याख्याच बदलली. नियमाने अंक देणं म्हणजे मापन. नियम जसा, तशी श्रेणी. खेळाडूच्या पाठीवरचा १० आणि ७ ही नुसती नावं, त्यांची सरासरी साडेआठ काढून कुणी संघात येत नाही. शर्यतीतले नंबर हा क्रम. तापमान अंतरश्रेणीचं: २० अंश सेल्सिअस हे १० च्या दुप्पट गरम नव्हे, कारण फॅरेनहाइटमध्ये तेच ६८ आणि ५० होतात. वजन मात्र खरोखर दुप्पट होतं, म्हणून ते गुणोत्तरश्रेणीचं. म्हणजे ज्याला आपण निरुपद्रवी वर्गीकरण म्हणून पाठ करतो, तो मुळात मानसशास्त्राला विज्ञानाच्या पंगतीत बसू देण्यासाठी केलेला युक्तिवाद होता.

भांडण लगेच सुरू झालं. क्रमश्रेणीची सरासरी काढू नये, असं स्टीव्हन्स म्हणाले, आणि ती काढून उपयोग होतो हेही त्याच लेखात कबूल केलं. १९५३ साली फ्रेडरिक लॉर्डने खेळाडूंच्या नंबरांवरच एक गोष्ट रचून चिमटा काढला: आपण कुठून आलो हे आकड्यांना थोडंच ठाऊक असतं! लायकर्टची ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ ही पट्टी तर १९३२ ची, या सगळ्याच्या आधीची. तिची सरासरी काढावी की नाही, यावर आजही मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याला घाम फुटतो.

लंडनच्या कॉलेजातल्या त्या दुभंगलेल्या विभागात, फिशर आणि एगॉनच्या नेमक्या त्याच वर्षांत, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक तरुण शिकत होता: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. तिथे डॉक्टरेट करून ते परतले, १९४० पासून शेतीसंशोधन परिषदेत त्यांनी पीककापणीचे यादृच्छिक प्रयोग उभे केले. पिकाचा तुकडा किती मोठा कापावा यावर त्यांचा कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी वाद झाला. तुकडा छोटा घेतला की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं, हा सुखात्म्यांचा मुद्दा. पुढे ते रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले, आणि निवृत्तीनंतर पुण्यात असताना त्यांचा दुसरा वाद पेटला.

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी दारिद्र्याचा अंदाज बांधताना माणशी २,२५० उष्मांकांची सरासरी गरज धरली होती. सुखात्मे म्हणाले, सरासरीला रेघ मानली तर धडधाकट माणसांतलेही निम्मे कुपोषित ठरतील. एकाच माणसाची गरजसुद्धा काळानुसार बदलते, शरीर जुळवून घेतं. म्हणून रेघ सरासरीवर नको, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून ओढा. घंटेसारख्या वक्रात दोन प्रमाण विचलनांपलीकडे, दोन्ही बाजू मिळून, साधारण पाच टक्केच उरतात, म्हणजे फिशरची ती सोयीची रेघच ही, जवळजवळ. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या प्रश्नावर लेखाला लेख छापले गेले. विरोधकांचं म्हणणं होतं की कमी खाऊन शरीर जुळवून घेतं, पण त्याची किंमत कमी कामात आणि खुंटलेल्या वाढीत मोजतं. उष्मांक गुणोत्तरश्रेणीतले, ‘उपाशी’ आणि ‘उपाशी नाही’ ही दोन नावं नामश्रेणीतली, आणि मधली रेघ दोन प्रमाण विचलनं खाली सरकली की पहिल्या नावाखालची माणसं दुसऱ्या नावाखाली जात होती, ताटात एक घासही न वाढता.