शाळेला खोल्या हव्यात आणि शेजारी गावचे मैदान आहे: गोव्यात अर्ज कुठे, कागद कोणते

नवीन वर्ग सुरू व्हायचे दिवस आले की शाळेच्या व्यवस्थापन मंडळात हा विषय निघतोच. तुकडी वाढतेय, खोल्या कुठून आणायच्या? शाळेला लागून मोकळी जागा असते. कुठे तो मांड, म्हणजे गावच्या उत्सवाची जागा, असतो, कुठे पंचायतीचे मैदान, कुठे वसाहतीची ‘ओपन स्पेस’. मग कुणीतरी म्हणतो, ‘‘ती पडूनच आहे ना!’’ सरकारी कागदावर ‘पडून असलेली जमीन’ असा रकानाच नाही. जमीन कुणाच्या तरी नावावर असते आणि कशासाठी तरी राखलेली असते. म्हणून आर्किटेक्टला बोलावण्याआधी उतारा काढा.

खेड्यात तो फॉर्म एक-चौदा, शहरात फॉर्म डी. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो, सर्व्हे प्लॅनही मिळतो. लोक कब्जेदाराचे नाव वाचतात आणि उतारा घडी घालून ठेवतात. खरी मेख ‘कूळ’ आणि ‘इतर हक्क’ या रकान्यांत असते. फोंडा तालुक्यातल्या एका शाळेच्या कामात मी धावपळ करत होतो. आराखडा सुरेख होता, फक्त सर्व्हे प्लॅनवरची एक तुटक रेघ कुणी पाहिली नव्हती. ती पायवाट. शिगम्याला, म्हणजे गोव्याच्या शिमग्याला, रोमट ही वाजतगाजत निघणारी मिरवणूक त्याच वाटेने मांडावर येते, आणि नव्या इमारतीचा जिना नेमका तिच्यावर बसवला होता. फाइल परत आली. जिना चार मीटर सरकवायला कागदावर एक दुपार लागली, पण फाइल पुन्हा फिरून यायला सात महिने गेले.

अर्ज कोण करू शकतो? जमिनीचा मालक, किंवा नोंदणीकृत भाडेपट्टा वा मुखत्यारपत्र असलेली संस्था. शाळा चालवणारी सोसायटी किंवा ट्रस्ट नोंदणीकृत हवा आणि शाळा मान्यताप्राप्त हवी. सरकारी प्राथमिक शाळेचा प्रस्ताव शिक्षण खात्यातर्फे जातो, बांधकाम बहुधा सार्वजनिक बांधकाम खाते किंवा साधनसुविधा विकास महामंडळ करते. पालक-शिक्षक संघाला अर्जदार होता येत नाही, पण त्याचा ठराव जोडला तर गरज ठळकपणे दिसते.

पहिला थांबा भागशिक्षणाधिकाऱ्यांचा. नवीन वर्ग किंवा तुकडी सुरू करायला 1984 चा शालेय शिक्षण कायदा आणि 1986 चे नियम यांखाली परवानगी लागते. सोबत सध्याची इयत्तावार पटसंख्या, आहेत त्या खोल्यांचा नकाशा, संस्थेचा ठराव आणि खर्च कुठून करणार याचा कागद द्यावा. पटसंख्येचा आधार घेताना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचा हवाला हमखास देतात: पहिली ते पाचवी 30 मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी 35 मुलांमागे एक, आणि दर शिक्षकाला किमान एक वर्गखोली. पण त्याच कायद्याच्या त्याच अनुसूचीत खेळाचे मैदानही अनिवार्य आहे, हे सोयीने विसरतात. स्वतःचे मैदान खोल्यांखाली घालून शेजारचे पंचायतीचे मैदान ‘आमचेच’ म्हणून दाखवणे हा आपल्याकडचा जुना खेळ. मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हरियाणातल्या एका शाळेच्या मैदानावरील अतिक्रमणाच्या प्रकरणात म्हटले आहे. अर्जातच दोन्ही वेगळे दाखवा: शाळेचे मैदान किती चौरस मीटर, सार्वजनिक किती.

आता अवघड भाग, जमिनीचा वापर. नगरनियोजन खात्याकडून झोनिंग प्रमाणपत्र घ्या. प्रादेशिक आराखडा 2021 किंवा शहराचा विकास आराखडा यात जागा वसाहत क्षेत्रात किंवा संस्थांसाठीच्या क्षेत्रात असेल तर पुढे चला. उद्यान किंवा मनोरंजनासाठी राखीव असेल तर थांबा. बेंगळुरूमध्ये उद्यानाची जागा खाजगी इस्पितळाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रद्द केला होता. इस्पितळासारख्या कामासाठीही उद्यान मिळाले नाही, तर शाळेची बाजू त्याहून भक्कम आहे असे कुठल्या तोंडाने सांगणार? नगरनियोजन कायद्यात 2024 साली आलेल्या कलम 39-अ खाली झोन बदलायचा मार्ग आहे, त्यात सूचना-हरकतींसाठी 30 दिवसांची जाहीर नोटीस असते. पण हे कलम आल्यापासून वादात आहे. त्याच्या भरवशावर वर्गांचे वेळापत्रक लावू नये, हे माझे स्पष्ट मत.

वसाहतीची ओपन स्पेस भूखंड पाडताना सगळ्यांसाठी सोडलेली असते. पंचायत किंवा पालिका ती सांभाळते, दुसऱ्याला देऊन टाकू शकत नाही. कोमुनिदादीची, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेची, जमीन असेल तर 1961 च्या कोमुनिदाद संहितेप्रमाणे गांवकारांच्या, म्हणजे तिच्या सभासदांच्या, सभेपासून सुरुवात करावी लागते. सरपंचाच्या पत्राने तिथे काही होत नाही. कूळकायद्याने कुळाच्या नावावर झालेली शेतजमीन शेतीशिवाय वापरायला 1991 च्या कायद्याने बंदी आहे, तिथे अर्जाचे पैसेही घालवू नका. आणि मैदान ‘सपाट करून देतो’ म्हणणारा जेसीबीवाला आधीच बोलावू नका. उताराची जमीन कापायची किंवा सखल जमीन भरायची तर नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-अ खाली मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी आधी लागते.

जागा योग्य ठरली तर बाकीचे बरेचसे ठरल्या वाटेने जाते. जमीन अजून शेतीची असेल तर महसूल संहितेच्या कलम 32 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून सनद, म्हणजे वापर बदलायची परवानगी. मग नगरनियोजन खात्याकडे टेक्निकल क्लिअरन्ससाठी, म्हणजे नकाशांच्या तांत्रिक मंजुरीसाठी, अर्ज: मालकीचे दस्त, उतारा, सर्व्हे प्लॅन, साइट प्लॅन, नोंदणीकृत आर्किटेक्ट वा इंजिनियरच्या सहीचे नकाशे आणि स्ट्रक्चरल दायित्वाचे प्रमाणपत्र. आरोग्य केंद्राचा आणि अग्निशमन दलाचा दाखला लागतो. त्यानंतर पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना. पंचायतीने नाकारला तर पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येते.

झाडांचा अर्ज मात्र स्वतंत्र, आणि तो सगळ्यात शेवटी आठवतो. 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्षाधिकाऱ्यांची परवानगी नसेल तर शाळेच्या स्वतःच्या आवारातलेही झाड तोडता येत नाही. उत्तर गोव्याचे उपवनसंरक्षक फोंड्याला बसतात, दक्षिणेचे मडगावला. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, जात लिहा, सर्व्हे प्लॅनवर खूण करा, फोटो जोडा. नारळालाही धरा. 2016 मध्ये तो ‘झाड’ या व्याख्येतून काढला होता, गावोगाव ओरड झाली आणि पुढे तो पुन्हा व्याख्येत घ्यावा लागला. वनाधिकारी पाहणीला आले की आंब्याचा बुंधा हाताने चाचपतात, मग विचारतात, इमारत थोडी मागे नाही का घेता येणार? हा प्रश्न तुम्हीच घरी आधी विचारून ठेवा. जुन्या इमारतीचा पाया सोसत असेल तर वर मजला चढवणे बहुतेक वेळा स्वस्त पडते, कारण जमिनीचे अर्धे कागद लागतच नाहीत.

हरकत घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. ग्रामसभेत नुसते बोलू नका, लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. बोललेले इतिवृत्तात येईलच असे नाही. माहिती अधिकाराखाली 10 रुपये भरून मंजूर नकाशाची प्रत मागा, 30 दिवसांत उत्तर यायला हवे. आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीला विचारा, मैदानाकडेचा वड किंवा देवराईचा तुकडा लोकजैवविविधता नोंदवहीत आहे का.

मैदान वापरायलाच हवे असेल तर ते मागू नका, त्याच्या वेळा मागा. शाळेला सकाळी आठ ते दुपारी दोन, नंतर गावाला, शिगम्याचे दिवस सोडून. कुंपण नाही, फाटकाला कुलूप नाही. झाडांना पाणी शाळेचे. असा करार पंचायतीच्या ठरावासह झाला की त्याची प्रत परवान्याच्या फाइलला लावा आणि एक मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. पंचायत मंडळ पाच वर्षांनी बदलते.