अष्ठीला ग्रंथीची सौम्य वाढ

पुरुषांत मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाभोवती असलेली अष्ठीला ग्रंथी (प्रोस्टेट) उतारवयात कर्करोगाविना मोठी होणे. तरुणपणी ग्रंथीचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. शवविच्छेदनांत ५१ ते ६० या वयोगटातील सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत ही वाढ आढळते. लघवीचा त्रास मात्र सर्वांना होत नाही.

वाढ कशाने सुरू होते याबद्दल मतभेद आहेत. वृषणांशी तिचा संबंध एकोणिसाव्या शतकातच लक्षात आला होता. अमेरिकी शल्यचिकित्सक जे. विल्यम व्हाइट यांनी १८९५ मध्ये वृषणे काढून टाकण्याच्या उपचाराचा पुरस्कार केला. तो टिकला नाही, हे रुग्णांचे सुदैव. पुढे ५-आल्फा रिडक्टेज या एंझाइमामुळे टेस्टोस्टेरोन या पुरुषी संप्रेरकापासून तयार होणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमुळे वाढ होते, या मताकडे लक्ष वळले. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत हे एंझाइम जन्मतः उणे असते व तेथील अशा पुरुषांची ग्रंथी लहानच राहते. १९७४ च्या या नोंदीने त्या मताला बळ मिळाले. तथापि वयाबरोबर टेस्टोस्टेरोन घटत असतानाच ग्रंथी वाढते, याचा उलगडा एवढ्याने होत नाही. विकृतिशास्त्रज्ञ जॉन मॅकनील यांच्या मते (१९७८) मूत्रमार्गालगतच्या संक्रमण क्षेत्रातील ऊतीत गर्भावस्थेतील वाढीची क्षमता पुन्हा जागी होते. काही अभ्यासक दीर्घकालीन दाहाला महत्त्व देतात. संप्रेरक आवश्यक, पण एकटे पुरेसे नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचे प्रमाण जुळत नाही. म्हणून उपचार ठरवताना लक्षणांची गुणांकन प्रश्नावली (० ते ३५ गुण) वापरतात. सातपर्यंत गुण असल्यास सहसा नुसती देखरेख पुरते: झोपण्यापूर्वी पाणी कमी, चहा-कॉफी व मद्य बेताने, आणि सर्दीची काही औषधे टाळणे, कारण त्यांनी लघवी अकस्मात अडू शकते.

औषधांत आल्फा-रोधके (टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन इ.) मूत्राशयाच्या मुखाचे व ग्रंथीचे स्नायू सैल करतात. गुण काही दिवसांत येतो, पण ग्रंथी लहान होत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे चालू असल्याचे नेत्रतज्ज्ञास सांगावे लागते, कारण बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो. फिनास्टेराइड (अमेरिकेत मान्यता १९९२) व ड्युटास्टेराइड ही उपरोक्त एंझाइम रोखतात आणि मोठ्या ग्रंथीत उपयोगी पडतात. पूर्ण परिणामास सुमारे सहा महिने लागतात. कामेच्छा घटू शकते. रक्तातील पीएसए (अष्ठीला ग्रंथीत तयार होणारे प्रथिन; कर्करोगाच्या संशयासाठी ते मोजतात) निम्म्यावर येते. हे ध्यानात न घेता अहवाल वाचल्यास कर्करोगाचा संशय दडून राहतो. दोन्ही गटांची औषधे एकत्र दिल्यास आजार बळावण्याचा धोका कोणत्याही एकट्या औषधापेक्षा अधिक घटतो, असे २००३ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. लैंगिक दुर्बलतेवरील टाडालाफिल हे औषधही दिले जाते, परंतु नायट्रेट घेणाऱ्या हृदयरुग्णांस ते वर्ज्य आहे.

सॉ पामेटो या ताडवर्गीय झाडाच्या फळांचा अर्क फार खपतो. २००६ व २०११ च्या चाचण्यांत त्याचा परिणाम निरौषधी गोळीहून सरस ठरला नाही.

औषधांखेरीज इतर उपायही आहेत. रोहिणी-अवरोधनात ग्रंथीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सूक्ष्म कणांनी बुजवतात. वाफेने ऊती नष्ट करण्याचीही पद्धत आहे. दोन्ही तुलनेने नव्या आहेत. औषधे देऊनही लघवी वारंवार अडणे, मूत्राशयात खडे होणे किंवा अडथळ्यामुळे मूत्रपिंडावर ताण येणे, यांत शस्त्रक्रिया सहसा टाळता येत नाही.