शिट्टीपासून ब्लूटूथपर्यंत: रिमोटवर चालणाऱ्या विटांची पार्श्वभूमी

प्लास्टिकच्या विटांचा ट्रक स्वतः बांधायचा आणि तो लांबून चालवायचा, तर तीन गोष्टी लागतात. फिरणारी मोटर, तिचा जोर चाकांपर्यंत नेणारे गिअर, आणि आपला हुकूम मोटरपर्यंत पोचवणारी वाट. मोटर १९६६ सालीच आली. गिअर त्यानंतर थोड्याच वर्षांत आले आणि त्यांचं गणित आजही तेच आहे. तिसऱ्या गोष्टीसाठी मात्र तार, शिट्टी, बारकोड, रेडिओ, अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश आणि ब्लूटूथ असे सगळे उपाय करून झाले. हा छंद आज जिथे आहे तिथे का आहे, हे समजून घ्यायचं तर या तिसऱ्या गोष्टीचा माग काढावा लागतो.

सुरुवात डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची. ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली आणि दोन वर्षांनी ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून लेगो हे नाव ठेवलं. १९४९ साली त्याने प्लास्टिकची वीट बाजारात आणली. तिचा नमुना मूळचा इंग्लंडमधल्या हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट विटेचा होता. पण ती वीट आतून पोकळ होती. एकीवर दुसरी बसायची, घट्ट धरून मात्र राहायची नाही. ओले यांचा मुलगा गॉटफ्रेड याने विटेच्या पोटात नळ्या घातल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वरच्या खुंट्या आणि खालच्या नळ्या एकमेकींना आवळून धरतात, म्हणूनच पुढे मोटरची थरथर सोसणारं काही बांधता आलं. १९६२ साली चाकं आली आणि त्यानंतर विटांसाठी एबीएस हे जास्त टिकाऊ, मापाला पक्कं राहणारं प्लास्टिक वापरात आलं. या दोन गोष्टींनी मोटरसाठी जमीन तयार केली.

पहिली मोटर आगगाडीत बसली, हे स्वाभाविकच होतं. गाडीला वळवायची काळजी रूळ घेतात. माणसाने फक्त पुढे, मागे आणि थांब एवढंच सांगायचं असतं. १९६६ च्या निळ्या रुळांवरची ती गाडी साडेचार व्होल्टवर, म्हणजे दीड-दीड व्होल्टच्या तीन सेलवर चालायची आणि सेलचा डबा गाडीसोबतच ओढला जायचा. दोनच वर्षांनी, १९६८ साली, शिट्टी ऐकून चालणारी आणि थांबणारी गाडी निघाली. गाडीत ध्वनी टिपणारी यंत्रणा होती आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं मूल शिट्टी फुंकून तिला थांबवू शकत होतं. माझ्या मते विटांच्या दुनियेतला पहिला खरा रिमोट हाच. त्यानंतर आलेल्या बारा व्होल्टच्या गाड्यांना वीज रुळांतून मिळू लागली. १९८० पासून तर एका जागी बसून सांधे बदलता यायचे, सिग्नल पाडता यायचे. नाव ‘रिमोट कंट्रोल’च होतं, पण जमिनीवरून वायर जायची.

रूळ सोडून मोकळ्या जमिनीवर धावायचं, तर सुकाणू हवं, गिअर हवेत, भोकांच्या पट्ट्या हव्यात. ते सगळं १९७७ साली एकत्र आलं. त्या मालिकेला १९८४ पासून टेक्निक हे नाव मिळालं. टेक्निकच्या विटेला बाजूने भोकं असतात, त्यांतून अधिकच्या चिन्हासारखा छेद असलेला दांडा जातो, आणि दांड्यावर गिअर बसतो. इथे जरा रेंगाळावंसं वाटतं, कारण या छंदाचं सगळं सौंदर्य या मापांत आहे. दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर. गिअरचे दाते अशा मापाचे, की दात्यांच्या संख्येच्या निम्मे मिलिमीटर ही त्याची काम करणारी त्रिज्या. आठ दात्यांचा गिअर म्हणजे ४ मिलिमीटर, चोवीस दात्यांचा म्हणजे १२. बेरीज १६, म्हणजे बरोबर दोन भोकं. सोळा आणि सोळाची जोडीही त्याच दोन भोकांत बसते. आठ आणि चाळीसची जोडी घेतली तर ४ अधिक २०, म्हणजे २४ मिलिमीटर, बरोबर तीन भोकं. पोराने हातात गिअर घेऊन पट्टीवर लावून पाहावा आणि दाता दात्यात नेमका उतरावा, यामागे ही बेरीज आहे. आठाने चोवीसला फिरवलं की वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर, घर्षणात जातो तेवढा सोडून, तिप्पट होतो. ट्रक चढ चढतो तो याच हिशेबावर.

महाराष्ट्रात ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकांत गेलं, त्यांच्या हाती हे संच क्वचितच आले. आपल्याकडे होतं ते मेकॅनिक्स: भोकांच्या धातूच्या पट्ट्या, पितळी नट-बोल्ट आणि छोटा पाना. त्याचं मूळ लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी १९०१ साली पेटंट घेतलेल्या रचनेत, म्हणजे मेकॅनोत. जुन्या टेपरेकॉर्डरमधली मोटर काढायची, दोरा किंवा रबरबँडचा पट्टा करून चाकाला जोडायची, लांब वायर घेऊन सेलच्या पेटीवर स्विच लावायचा, आणि गाडी मागे न्यायची तर सेल उलटे घालायचे. हुकूम पोचवण्याचा प्रश्न आपल्या अंगणातही तोच होता.

टेक्निकच्या मोटरलाही बरीच वर्षं तारच होती. १९९० च्या सुमारास नऊ व्होल्टची पद्धत आली आणि तारेच्या टोकाला विटेसारखाच चपटा तुकडा बसवलेला होता, खुंट्यांतून वीज वाहून नेणारा. तो तुकडा अर्धा फिरवून बसवला की मोटर उलटी फिरते. वायर सोलणं नाही, डाग देणं नाही, वीटच स्विच झाली. इतकी सोपी आणि मुलाला स्वतःच शोधून काढता येईल अशी युक्ती त्यानंतर मला या खेळात दिसली नाही. १९९० च्याच कंट्रोल सेंटर संचात हुकमांची नोंद करून ठेवायची सोय होती: एकदा हाताने यंत्र चालवून दाखवायचं, मग तेच ते पुन्हा करून दाखवायचं.

याच्याबरोबरीने दुसरी वाट अमेरिकेतून येत होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सेमूर पेपर्ट आणि त्यांचे सहकारी मुलांना संगणकाच्या भाषेतून विचार करायला शिकवत होते. वायरने संगणकाला बांधलेल्या यंत्रांपासून सुरुवात होऊन १९९८ साली लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या यंत्रमानव बांधायच्या संचाची पिवळी वीट आली. तिच्यात स्वतःचा मेंदू होता, तीन मोटरी लावता यायच्या आणि संगणकावरून हुकूम अवरक्त प्रकाशाने जायचा. त्याआधी एक वर्ष, १९९७ साली, एका ट्रकच्या संचात चक्क बारकोड वाचणारी वीट होती, छापलेल्या पट्ट्यांवरून तिला सूचना द्यायच्या. माइंडस्टॉर्म्स निघाल्यावर थोड्याच दिवसांत बाहेरच्या लोकांनी तिच्या आतल्या आज्ञा उलगडून काढल्या. कंपनीने त्यांना कोर्टात न खेचता तसं करायची मोकळीक दिली. पुढच्या वीस वर्षांत छंदी माणसांनी जे केलं, त्याची मुळं या निर्णयात आहेत.

रेडिओवर चालणाऱ्या गाड्या २००० नंतर लगेच आल्या, २७ मेगाहर्ट्झवर धावणाऱ्या. त्यांच्या मोटरी अतिशय जोमदार होत्या आणि आजही शर्यतीची गाडी बांधणारे त्या जुन्या मोटरी शोधत असतात. पण सेल, रेडिओ आणि सुकाणूचं यंत्र हे सगळं एकाच मोठ्या डब्यात बंद होतं. त्या डब्याभोवती गाडी बांधायची, एवढंच उरायचं. क्रेन किंवा उत्खनन यंत्र बांधायची इच्छा असलेल्याला त्याचा उपयोग नव्हता.

कंपनी २००३-०४ मध्ये डबघाईला आली होती. त्यातून सावरताना तिने २००७ साली पॉवर फंक्शन्स ही पद्धत आणली. मोटरच्या छंदाचं सुवर्णयुग तेव्हापासून सुरू झालं, असं मी ठामपणे म्हणेन. कारण इथे प्रत्येक गोष्ट सुटी होती. सेलचा डबा वेगळा, मोटर वेगळी, रिमोटचा हुकूम घेणारा रिसीव्हर वेगळा. ज्याला जे हवं ते त्याने हवं तिथे बसवावं. त्या वर्षीच्या बुलडोझरमध्ये चार मोटरी होत्या: दोन चेनपट्ट्यांसाठी, दोन पुढच्या-मागच्या हत्यारांसाठी. मधली मोटर रिकामी असताना मिनिटाला सुमारे ४०० फेरे घ्यायची, मोठी मोटर सुमारे २२०, पण जोर कितीतरी जास्त. रिमोटला चार चॅनल, प्रत्येकी लाल आणि निळा असे दोन मार्ग. एकाच खोलीत आठ मोटरींना वेगवेगळे हुकूम देता यायचे. हुकमांची सांकेतिक भाषा कंपनीने उघड प्रसिद्ध केली, त्यामुळे घरी सर्किट करणाऱ्यांना आपला रिमोट बनवता आला.

उणीव होती ती प्रकाशाचीच. टीव्हीच्या रिमोटसारखाच हा रिमोट सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा अवरक्त प्रकाश पाठवतो. दिवाणखान्यात तो छान चालतो. भर दुपारी गच्चीवर नेला तर उन्हातल्या अवरक्त किरणांनी रिसीव्हरचे डोळे दिपतात आणि हाताच्या अंतरावरचा हुकूमही पोचेनासा होतो. शिवाय रिसीव्हरचं काळं टोपण रिमोटला दिसलं पाहिजे. म्हणून सुंदर बांधलेल्या ट्रकच्या केबिनच्या टपात भोक ठेवावं लागायचं, किंवा मागच्या हौद्यात ते टोपण उघडं ठेवावं लागायचं. सुकाणूची अडचण त्याहून मोठी होती. साधी मोटर चाक वळवते, पण कुठे थांबायचं ते तिला कळत नाही. टोकाला पोचूनही ती जोर लावतच राहते. तेव्हा मध्ये घसरणारा पांढरा चोवीस दात्यांचा गिअर घालायचा, म्हणजे टोकाला पोचल्यावर तो कट-कट करत घसरेल आणि काही मोडणार नाही. मधोमध परत आणणं हाताच्या अंदाजावर. २०१२ साली खास सुकाणूची सर्वो मोटर आली, स्वतःहून मध्यावर परतणारी, आणि तो आवाज थांबला.

उन्हाचा प्रश्न मात्र बाहेरच्यांनी सोडवला. हंगेरीतल्या एका छोट्या कंपनीने २०१४ साली लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून एसब्रिक काढली. विटेएवढा तुकडा, त्याला चार मोटरी लागतात आणि हुकूम फोनवरून ब्लूटूथने येतो. टपातलं भोक गेलं, गच्चीवरची दुपार परत मिळाली. पाठोपाठ स्लोव्हेनियातून बुविझ आली, तिने सेलचा डबाही आत घेतला आणि मोटरींना नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन वेग वाढवला.

जुन्या मोटरींची ताकद किती, याचा पुरावा २०१८ साली पुऱ्या जगाला दिसला. टेक्निकच्या दहा लाखांहून अधिक तुकड्यांची, खऱ्या मापाची बुगाटी शिरॉन मोटारगाडी बांधली गेली आणि पॉवर फंक्शन्सच्या २,३०४ मोटरींवर ती आत बसलेल्या माणसासह ताशी २० किलोमीटरच्या वर धावली.

त्याच सुमारास ती पद्धत मोडीत निघू लागली. नव्या पॉवर्ड अप पद्धतीत २०१९ साली टेक्निकसाठी कंट्रोल प्लस आलं: ४,१०८ तुकडे आणि सात मोटरींचं लिबहेर उत्खनन यंत्र त्याचा मानबिंदू. नवी मोटर आपण किती अंशात फिरलो ते सांगते. सुकाणू सुरुवातीला डावं-उजवं टोक शोधून मध्य स्वतः ठरवतं. तंत्र म्हणून ही झेप मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण या टेक्निक संचांतून हातातला रिमोट गेला आणि फोनचं ॲप आलं. काचेवर बोट सरकवताना खटका कुठे आहे ते हाताला कळत नाही, नजर यंत्रावरून उठून पडद्यावर जाते. आणि ॲप ज्या फोनवर चालतं तो फोन पाच-सात वर्षांत बदलतो. विटा पन्नास वर्षं टिकतात. ही विसंगती मला मनापासून टोचते. जुन्या तारांची टोकं एकावर एक रचता यायची, एका तोंडावर दोन मोटरी लावता यायच्या, तेही नव्या पद्धतीत गेलं.

दरम्यान विटेच्या मूळ पेटंटची मुदत देशोदेशी संपून गेली होती आणि २०१० साली युरोपीय न्यायालयाने विटेच्या आकारावर ट्रेडमार्क मिळणार नाही, असा निकाल दिला, कारण तो आकार तांत्रिक कामासाठीच आहे. चीनमधल्या काडा, मोल्ड किंग अशा कंपन्यांचे रिमोटसह येणारे संच त्यानंतर जगभर पसरले. भारतात लेगोचे आणि चिनी, दोन्ही संच महाग पडतात. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानकाचा शिक्काही सक्तीचा आहे. त्यामुळे इथला छंदी माणूस एकेक सुटी मोटर जपून वापरतो, रिचार्जेबल सेल घालतो, आणि सहा सेलचे नऊऐवजी ७.२ व्होल्टच मिळतात म्हणून ट्रक चढावर का अडतो, ते गिअर बदलून सोडवतो.

जुन्या-नव्याला जोडणारा एक तुकडा अजून त्याच्या हाताशी असतो: पॉवर फंक्शन्सची जोडवायर. तिच्या एका टोकाचा गडद करडा तुकडा नऊ व्होल्टच्या जुन्या खुंट्यांवर घट्ट बसतो. ती एसब्रिकला लावली, की १९९० सालची मोटर आजच्या फोनवरून फिरते.