रिकाम्या जागेसाठी दहा दिवस

हबल दुर्बिणीचा वेळ खगोलशास्त्रज्ञ तासांत मागत नाहीत, फेऱ्यांत मागतात. ‘या निरीक्षणासाठी बारा फेऱ्या लागतील’ असं अर्जात लिहायचं. पृथ्वीभोवतीची एक फेरी साधारण ९५ मिनिटांची. पण म्हणून एका फेरीत ९५ मिनिटं निरीक्षण होतं असं समजू नका. दुर्बीण जमिनीपासून जेमतेम पाचशे किलोमीटरवर फिरते, आणि एवढ्या जवळून पृथ्वी जवळजवळ अर्धं आकाश अडवून बसलेली असते. जो तारा बघायचा तो निम्मा वेळ तिच्याआड जातो. हाती राहतात पन्नासेक मिनिटं. त्यातली पहिली पाच-सहा मिनिटं आजूबाजूचे वाटाडे तारे ओळखून त्यांच्यावर नजर पक्की करण्यात जातात, कारण नेम हलला तर पुढचं सगळं फुकट. मग फिल्टर बदला, कॅमेऱ्यात जमलेली माहिती उतरवून घ्या, त्यात आणखी काही मिनिटं. शिवाय दक्षिण अटलांटिकच्या वर भारित कणांचा पट्टा खाली झुकलेला आहे. दिवसातल्या बऱ्याच फेऱ्यांत दुर्बीण त्यातून जाते, आणि तेवढा वेळ निरीक्षणं थांबवावीच लागतात.

अवकाश दुर्बिणींचा विषय निघाला की आपण आरशांबद्दल बोलतो: हबलचा २.४ मीटरचा, जेम्स वेबचा १८ षटकोनी तुकडे जोडून केलेला ६.५ मीटरचा. मला त्यांच्या वेळापत्रकाचं जास्त कुतूहल वाटत आलं आहे. आरसा एकदाच घडवला जातो. (हबलचा तर चुकीचाच घडला. कडेला केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढा जास्त सपाट झाला, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन त्याला चष्मा लावला.) वेळ मात्र दर वर्षी नव्याने वाटावा लागतो, आणि मागणारे कायम जास्त.

हे वाटप बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधून होतं. हबल अवकाशात गेली १९९० मध्ये; संस्था त्याआधीच, १९८१ मध्ये उभी राहिली होती. जगातला कुठल्याही देशाचा खगोलशास्त्रज्ञ अर्ज करू शकतो. काय बघायचं, का बघायचं, ते जमिनीवरच्या दुर्बिणीतून का जमणार नाही आणि किती वेळ लागेल, हे थोडक्या पानांत पटवून द्यायचं. वेब दुर्बिणीच्या चौथ्या वर्षासाठी २०२४ मध्ये २,३७७ अर्ज आले. त्यांतल्या मागणीची बेरीज झाली सुमारे ७८,००० तास. वर्षाचे तास होतात ८,७६०.

एवढी रेटारेटी असली की निवडणाऱ्यांच्या मनातले कल महत्त्वाचे ठरतात. हबलच्या जुन्या निकालांची छाननी केली तेव्हा दिसलं, की ज्या अर्जांचं नेतृत्व पुरुषाकडे होतं ते वर्षानुवर्षं थोड्या जास्त प्रमाणात मंजूर होत होते. फरक लहान, पण चिवट. नावं पहिल्या पानावरून आत सरकवून बघितली, आद्याक्षरं ठेवून बघितली. फारसा उपयोग झाला नाही. शेवटी २०१८ च्या निवडीपासून नावं पूर्णच काढून टाकली. आता अर्जात ‘आम्ही आमच्या आधीच्या संशोधनात दाखवल्याप्रमाणे’ असं लिहिणंसुद्धा चालत नाही. स्वतःच्याच शोधनिबंधाचा उल्लेख परक्याचा असल्यासारखा करायचा. पहिल्याच वर्षी स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या अर्जांचं यशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं. परीक्षकांची चर्चाही बदलली म्हणतात. ‘या गटाला हे जमेल का’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘हे करण्यासारखं आहे का’ हा पुढे आला.

तरीही समितीला एक गोष्ट जड जाते. जिथे काय सापडेल ते अर्जदारालाच सांगता येत नाही, अशा कामाला वेळ देणं. शंभर चांगले अर्ज समोर असताना ‘बघू तर खरं’ असं म्हणणाऱ्याला कोण फेऱ्या देणार? म्हणून सुमारे १० टक्के वेळ संस्थेच्या संचालकाच्या हाती राखून ठेवलेला असतो. अवचित फुटलेला अतिनवतारा, नवा धूमकेतू अशा तातडीच्या कामांसाठी तो प्रामुख्याने वापरतात. १९९५ मध्ये रॉबर्ट विल्यम्स संचालक होते. त्यांनी त्या वर्षीच्या आपल्या वाट्यातला मोठा हिस्सा एका कामावर लावायचं ठरवलं: आकाशात जिथे काहीच दिसत नाही अशी जागा निवडायची आणि दहा दिवस तिच्याकडे टक लावून बघायचं.

आज ते धाडस वाटत नाही, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा परिस्थिती नाजूक होती. बिघडलेल्या आरशाची नामुष्की पुसून दोनच वर्षं झाली होती. दहा दिवसांनी हाती काळं चित्र आलं असतं तर पुन्हा टिंगल ठरलेली. आणि काळं चित्र येण्याची भीती काही उगाच नव्हती. खगोलशास्त्रज्ञ जॉन बाकॉल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९० मध्येच गणित मांडून म्हटलं होतं, की जमिनीवरून दिसतात त्याहून फारशा नव्या दीर्घिका हबलला दिसणार नाहीत. हे बाकॉल हबलचे विरोधक नव्हते. दुर्बिणीसाठी निधी मिळावा म्हणून झटलेल्या मोजक्या लोकांत त्यांचं नाव अग्रभागी आहे. विल्यम्स यांनी सल्ल्यासाठी तज्ज्ञांना बोलावलं, त्यांचंही एकमत झालं नाही. कोणी म्हणे एकच जागा बघा, कोणी म्हणे अनेक बघा. निर्णय संचालकांनी घेतला आणि काम संस्थेतल्या तरुण संशोधकांकडे सोपवलं.

जागा निवडली सप्तर्षीत. तिथे आपल्या आकाशगंगेचे तारे विरळ आहेत, धूळ कमी आहे. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. हबलच्या कक्षेच्या ध्रुवाकडे आकाशाचा एक पट्टा असा आहे, की पृथ्वी काही दिवस त्याच्या आड येतच नाही. म्हणजे फेरीतला जो निम्मा वेळ एरवी वाया जातो तो इथे वापरता येतो. जागेचा आकार संपूर्ण आकाशाच्या साधारण २ कोटी ४० लाखांव्या भागाएवढा. शंभर मीटरवर धरलेला टेनिसचा चेंडू दिसेल जवळपास तेवढा. १८ ते २८ डिसेंबर १९९५ या दहा दिवसांत दुर्बिणीने सुमारे १५० फेऱ्या मारल्या आणि अतिनीलपासून अवरक्ताच्या उंबरठ्यापर्यंतच्या चार फिल्टरांतून ३४२ चित्रं घेतली. प्रत्येक चित्र १५ ते ४० मिनिटांचं.

एकच लांबलचक चित्र का नाही घेतलं? कारण अवकाशात कॅमेऱ्यावर वैश्विक किरणांचा मारा सतत चालू असतो. प्रत्येक कण आपटला की तिथे एक पांढरा ठिपका किंवा ओरखडा उमटतो. अर्ध्या तासात चित्रभर असे ओरखडे पडतात, आणि नुसतं बघून मंद दीर्घिका कुठली व ओरखडा कुठला हे सांगता येत नाही. पण कण दोनदा नेमका त्याच जागी आपटत नाही. अनेक चित्रं एकावर एक ठेवली की प्रत्येकात असतं ते खरं, एकातच दिसतं ते खोटं. शिवाय दर काही चित्रांनंतर दुर्बीण अगदी किंचित सरकवत होते, म्हणजे कॅमेऱ्याचा एखादा आंधळा ठिपका कायम एकाच दीर्घिकेवर बसून राहणार नाही.

चित्रं एकत्र केली तेव्हा त्या चेंडूएवढ्या जागेत सुमारे तीन हजार दीर्घिका दिसल्या. त्यांतल्या सगळ्यात मंद वस्तू उघड्या डोळ्यांना दिसू शकणाऱ्या सर्वांत फिक्या ताऱ्याच्याही सुमारे चार अब्ज पट मंद होत्या. बाकॉल यांचं गणित कुठे चुकलं? दूरच्या, म्हणजेच जुन्या काळातल्या दीर्घिका आजच्यासारख्याच असतील असं धरलं तर त्या दिसायला नकोत. त्या तशा नव्हत्या. आकाराने लहान, वेड्यावाकड्या, आणि नव्या ताऱ्यांनी धगधगणाऱ्या होत्या. प्रकाश लहानशा ठिपक्यात एकवटल्यामुळे हबलच्या धारदार नजरेला त्या सापडल्या. त्यांची गणती आणि जमिनीवरच्या केक दुर्बिणीने मोजलेल्या त्यांच्या ताम्रसृती (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला ते; त्यावरून अंतर कळतं) यांतून विश्वात तारे कधी किती वेगाने जन्मले याचा आलेख काढता आला. त्याचं शिखर साधारण दहा अब्ज वर्षांपूर्वी येतं. तेव्हापासून उतारच आहे.

विल्यम्स यांनी आणखी एक गोष्ट केली, तिचा बोलबाला कमी होतो. त्या काळी निरीक्षणाची माहिती एक वर्ष फक्त अर्जदाराकडे राही. त्यांनी ही सगळी चित्रं जानेवारी १९९६ मध्ये तयार होताच जगापुढे टाकली. जे दहा दिवस एका माणसाच्या अधिकारातून आले होते, ते कोणाचेच राहिले नाहीत.

मग टक लावून बघण्याची परंपराच पडली. सप्टेंबर २००३ ते जानेवारी २००४ मध्ये हबलने दक्षिणेकडच्या फोर्नॅक्स तारकासमूहातल्या एका जागेवर ४०० फेऱ्या खर्च केल्या आणि दहा हजारांच्या आसपास दीर्घिका टिपल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटची अतिनील दुर्बीण त्याच जागेकडे २८ तासांहून जास्त वेळ बघत होती. तिचा आरसा हबलच्या मानाने अगदीच छोटा, पण पार्श्वभूमीचा गोंगाट कमी. तिला ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश सापडला. वेबने त्याच परिसरात विश्व अवघं २९ कोटी वर्षांचं असतानाची दीर्घिका शोधली.

सगळी कामं अशी भरवशाविना नसतात. हबल बांधायच्या आधीपासून एक काम तिच्या नावावर लिहून ठेवलेलं होतं: विश्व किती वेगाने प्रसरण पावतं ते मोजणं. तेव्हा उत्तर कोणाला विचारता त्यावर ठरे, कोणी दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ५० किलोमीटर म्हणे तर कोणी १००. मोजपट्टी होती सेफिड रूपविकारी ताऱ्यांची. त्यांची तेजस्विता ठरावीक कालाने कमी-जास्त होते, आणि हेन्रिएटा लेविट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं होतं की हा काळ जेवढा मोठा तेवढा तारा मुळात जास्त तेजस्वी. काळ मोजा, मूळ तेज समजेल, त्यावरून अंतर निघेल. इथे वेळापत्रकातली एक गंमत आहे. त्याच दीर्घिकेकडे दोन महिन्यांत बारा-एक वेळा बघायचं, पण सारख्या अंतराने नाही! दर पाच दिवसांनी बघितलं तर पाच दिवसांत एक चक्र पुरं करणारा तारा प्रत्येक वेळी सारखाच दिसेल आणि निसटेल. म्हणून भेटींमधली अंतरं मुद्दाम असमान ठेवली. वेंडी फ्रीडमन, रॉबर्ट केनिकट आणि जेरेमी मोल्ड यांच्या गटाने २००१ मध्ये उत्तर दिलं: दर मेगापार्सेकला सेकंदाला ७२ किलोमीटर, ८ इकडेतिकडे. जुनं भांडण मिटलं आणि नवं सुरू झालं. पुढची काटेकोर मोजमापं ७३ च्या आसपास आली, तर प्लँक उपग्रहाने टिपलेल्या, विश्वाच्या बालपणी निघालेल्या आदिम प्रारणावरून ६७.४ निघतात. वेबने हबलची सेफिड मोजमापं तपासली, ती बरोबर निघाली. फरक तसाच आहे.

समितीने अटीवर वेळ दिल्याचंही उदाहरण आहे. प्लूटोकडे निघालेल्या ‘न्यू होरायझन्स’ यानाला प्लूटोनंतर भेटायला आणखी एक छोटा पिंड हवा होता. यानाची वाट धनू राशीच्या दिशेने, म्हणजे आकाशगंगेच्या ऐन गर्दीतून. जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणी शोधून थकल्या. जून २०१४ मध्ये हबलचा वेळ मिळाला तो असा: आधी ४० फेऱ्या घ्या, त्यांत कायपर पट्ट्यातले (नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांच्या पट्ट्यातले) निदान दोन पिंड दाखवा, तरच उरलेल्या सुमारे १६० मिळतील. दोन सापडले. याच मोहिमेत सापडलेल्या अ‍ॅरोकॉथजवळून यान १ जानेवारी २०१९ रोजी गेलं.

हबल आता म्हातारी झाली आहे. जून २०२४ पासून ती एकाच जायरोस्कोपवर, म्हणजे दुर्बीण किती वळली ते मोजणाऱ्या उपकरणावर, नेम धरते. वळायला आणि वाटाडे तारे पकडायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे आठवड्याला पूर्वीच्या ८५ ऐवजी सुमारे ७४ फेऱ्यांचीच निरीक्षणं आखता येतात. तिचं आठवड्याचं वेळापत्रक सगळ्यांना बघायला खुलं असतं, आणि मी ते अधूनमधून उघडतो. नुसत्या ओळी: वेळ, अर्जाचा क्रमांक, कॅमेरा, लक्ष्याचं नाव. नावं बहुधा अंकांची, अनाकलनीय. त्यांत मधूनच लक्ष्याच्या जागी एकच शब्द येतो: ‘डार्क’. तेव्हा कॅमेऱ्याचं झाकण बंद असतं आणि तरीही चित्र घेणं चालू असतं. प्रकाश नसताना कॅमेरा स्वतःहून किती खोटा उजेड नोंदवतो ते मोजायचं, म्हणजे खऱ्या चित्रातून तो वजा करता येतो. सप्तर्षीतल्या त्या ३४२ चित्रांतूनही असाच तो वजा करावा लागला होता. या अंधाराच्या चित्रांसाठी वेगळ्या फेऱ्या कोणी मागत नाही. पृथ्वी आड आलेली असते, तेव्हाच ती उरकून घेतात.