तीन फुटांचा प्रवास: फोनमधली फाइल कॉम्प्युटरवर बिनतारी कशी जाऊ लागली

झेरॉक्सच्या दुकानात हल्ली एक संवाद ठरलेला असतो. गिऱ्हाईक फोन पुढे करून म्हणतं, "याची एक प्रिंट हवी होती." दुकानदार मान वर न करता भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवतो. "त्या नंबरवर व्हॉट्सअॅप करा. आणि फोटो असेल तर डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर प्रिंटमध्ये फाटतो." गिऱ्हाईक नंबर सेव्ह करतं, फाइल पाठवतं, आणि काउंटरपलीकडचा कॉम्प्युटर टिंग वाजतो. दोन्ही यंत्रांमध्ये अंतर असतं फार तर तीन फुटांचं. फाइल मात्र टॉवर, इंटरनेट आणि कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला वळसा घालून आलेली असते.

या तीन फुटांत थेट फाइल टाकायची सोय दोन्ही यंत्रांत केव्हापासून आहे. मग ती कोणी वापरत का नाही? वेग कमी म्हणून, असं पटकन वाटतं, पण वेगाचं कोडं बऱ्याच आधी सुटलं. अडलं ते ओळखीपाशी. समोरचं यंत्र कोणाचं, त्याला आत घ्यायचं का, आणि ते ठरवायचं कोणी? बिनतारी देवाणघेवाणीचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

सुरुवातीला हा प्रश्न पडलाच नाही, कारण पहिली सोय उजेडाची होती. १९९० साली आलेल्या एचपी-४८ कॅल्क्युलेटरमध्ये इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा, डोळा होता आणि दोन कॅल्क्युलेटर समोरासमोर धरून आपसांत प्रोग्रॅम देता-घेता यायचे. १९९३ साली कंपन्यांनी एकत्र येऊन इर्डा ही संस्था काढली आणि इन्फ्रारेडचे समान नियम ठरवले. पुढे लॅपटॉप, पामसारखे तळहातावरचे कॉम्प्युटर आणि फोन यांच्या कडेला ती काळपट लाल काच दिसू लागली. अंतर जेमतेम एक मीटर, आणि झोत टॉर्चसारखा निमुळता. टेबलावर फोन आणि लॅपटॉप नाकाला नाक लावून ठेवायचे आणि मध्ये कपही ठेवायचा नाही. साध्या जातीच्या इन्फ्रारेडचा वेग सेकंदाला ११५.२ किलोबिट. त्या हिशेबाने पाच एमबीचं एक गाणं जायला सात मिनिटांच्या वर लागायची, आणि तेवढ्यात कोणी टेबलाला धक्का दिला तर पहिल्यापासून सुरुवात.

पण यात एक गंमत होती. उजेड भिंतीपलीकडे जात नाही. ज्याच्यासमोर फोन धरला, फाइल त्यालाच जाणार. पासवर्ड नको, यादीतून नाव निवडणं नको. फोन समोर धरणं हीच ओळख.

इर्डाने मागे एक मोठी देणगी ठेवली, तिचं नाव ओबेक्स. दोन यंत्रांनी वस्तू कशी द्यायची-घ्यायची याची ती बोली: जोडणी कर, ठेव, दे, सोड. ब्लूटूथने ती जशीच्या तशी उचलली. म्हणजे फोनवर ‘सेंड व्हाया ब्लूटूथ’ दाबलं की रेडिओ ब्लूटूथचा असतो, पण बोलणं इन्फ्रारेडच्या जमान्यातलं. त्यातला ‘ऑब्जेक्ट पुश’ हा प्रकार मुख्यतः व्हिजिटिंग कार्ड आणि कॅलेंडरच्या नोंदी ढकलता याव्यात म्हणून आखलेला. आपल्याकडच्या पोरांनी त्यातून सिनेमे ढकलले.

ब्लूटूथची जन्मकथा शंभरदा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये याप हार्टसेन यांनी काम सुरू केलं. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा एकत्र आल्या. नाव सुचवलं इंटेलच्या जिम कार्डाक यांनी, दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून, आणि तेही तात्पुरतं म्हणून. तात्पुरतं नाव कायमचं झालं.

महत्त्वाचं हे की रेडिओ लहरी भिंत ओलांडतात. समोर धरायची गरज संपली, आणि त्याबरोबर ‘समोर धरला तोच’ ही फुकटची ओळखही संपली. आता यादी आली. यादीत चार ‘नोकिया ६६००’ दिसायचे आणि त्यातला आपल्या मित्राचा कुठला, हे ओरडून विचारावं लागायचं. मग पेअर करा, दोन्हीकडे तोच कोड घाला. तो बहुतेक वेळा ०००० किंवा १२३४ असायचा. कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवून ठेवण्यातला प्रकार. दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दाखवून ‘जुळतात का?’ विचारायची पद्धत ब्लूटूथच्या २००७ मधल्या २.१ आवृत्तीपासून आली.

कॉम्प्युटरची तऱ्हा आणखी वेगळी. विंडोज एक्सपीला ब्लूटूथ समजू लागलं ते ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. त्याआधी आणि नंतरही बराच काळ डोंगलबरोबर (यूएसबीत खोचायचा ब्लूटूथचा तुकडा) आलेली सीडी टाकून वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागे. त्यातलं ब्लूसोलेल अनेकांना आठवत असेल: पडद्याच्या मध्यभागी नारिंगी सूर्य आणि त्याच्याभोवती ग्रहांसारखी सापडलेली यंत्रं. विंडोजच्या स्वतःच्या सोयीत मात्र एक मेख होती, ती आजही आहे. फोनवरून फाइल पाठवण्याआधी कॉम्प्युटरवर ‘रिसीव्ह अ फाइल’ दाबून वाट पाहत बसावं लागतं. ते न करता पाठवली तर फोन नुसतं ‘फेल्ड’ म्हणतो, का ते सांगत नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी याच पायरीवर ब्लूटूथचा नाद सोडला. या खिडकीमागच्या प्रोग्रॅमचं नाव ‘एफस्क्वर्ट’ आहे. स्क्वर्ट म्हणजे पिचकारी मारणं. कोणा प्रोग्रॅमरला तेवढा विनोद सुचला, पण पिचकारी झेलणाऱ्याला आधी सांगावं लागतं, हे वापरणाऱ्याला कोणी सांगितलं नाही.

दार असं घट्ट ठेवण्यामागे कारण नव्हतं असं नाही. जून २००४ मध्ये कॅबिर नावाचा किडा, म्हणजे फोनमधून फोनमध्ये पसरणारा व्हायरस, सापडला. सिम्बियन ही प्रणाली असलेल्या (त्या काळच्या नोकियासारख्या) फोनवर तो ब्लूटूथनेच पसरायचा: जवळचा उघडा फोन शोधायचा आणि स्वतःची फाइल ढकलायचा. समोरच्याने ‘यस’ दाबलं तरच आत जायचा. पण ‘नो’ म्हटलं की तो पुन्हा विचारायचा, आणि पुन्हा. कंटाळून लोक ‘यस’ दाबायचे. ‘ब्लूटूथ ऑफ ठेवत जा, बॅटरी जाते आणि व्हायरस येतो’ हा सल्ला तेव्हापासून आपल्या कानांवर पडत आला आहे.

दार बंद ठेवण्यात काहींचा धंदाही होता. अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीने २००४ मध्ये विकलेल्या मोटोरोला व्ही७१० मध्ये ब्लूटूथ होतं, पण फाइल पाठवण्याची सोय बंद करून ठेवलेली. फोटो बाहेर काढायचा तर कंपनीच्या नेटवर्कवरून पैसे भरून पाठवा. लोक कोर्टात गेले. पुढे आयफोननेही ब्लूटूथवरून इतर फोनना फाइल देण्याची सोय कधी ठेवलीच नाही. ‘एवढा महागाचा फोन आणि साधा फोटो जात नाही?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक नव्या आयफोनवाल्याला एकदा तरी ऐकावा लागला आहे.

तोवर वाय-फाय घराघरांत शिरत होतं. भारतात वाय-फाय ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवान्याची अट उरली नाही ती जानेवारी २००५ च्या नियमांनी. त्यानंतर राउटर ही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी वस्तू झाली. फोन आणि कॉम्प्युटर एकाच राउटरवर असले तर फाइल न्यायला नवं काही शोधायची गरजच नव्हती. एफटीपी, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल नेण्याची जुनी पद्धत, तयार होती. त्याची पहिली मांडणी एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत अभय भूषण यांनी केली, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. मोठाल्या कॉम्प्युटरांसाठी लिहिलेली ती पद्धत चाळीस वर्षांनी ईएस फाइल एक्सप्लोररसारख्या अॅपमधून खिशातल्या फोनमध्ये चालू लागली. फोन एक पत्ता दाखवायचा, १९२.१६८ ने सुरू होणारा आणि शेवटी ३७२१. तो कॉम्प्युटरवर जसाच्या तसा टाइप केला की फोनचे फोल्डर उघडायचे. टायपिंगला न कंटाळणाऱ्यांसाठी ही आजही उत्तम वाट आहे. बाकीच्यांना तो पत्ता पाहूनच घाम फुटायचा.

आणि राउटर नसेल तर? या प्रश्नावर शेअरइट आणि झेंडर ही फाइल पाठवायची अॅप मोठी झाली. एका फोनने हॉटस्पॉट उघडायचा, दुसऱ्याने त्याला जोडायचं, कॉम्प्युटरसाठीही तसंच. इंटरनेटचा एक कणही खर्च होत नाही. हिशेब साधा आहे. ब्लूटूथच्या २.० आवृत्तीने ७०० एमबीचा सिनेमा जायला सगळं सुरळीत चाललं तरी पाऊण तास. वाय-फाय नुसतं सेकंदाला वीस मेगाबिटने चाललं तरी पाच मिनिटांच्या आत. डेटा पॅक एमबीत मोजून वापरायच्या त्या दिवसांत, एसटीची वाट पाहताना किंवा हॉस्टेलच्या जिन्यात ‘शेअरइट कर ना’ हे क्रियापदच झालं. गाणी भरून देणाऱ्या मोबाइल दुकानांचा धंदाही यानेच बराचसा खाल्ला. मात्र या अॅपमध्ये हळूहळू जाहिरातींची इतकी गर्दी झाली की ‘सेंड’चं बटण शोधावं लागे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्या यादीत शेअरइट, झेंडर आणि ईएस फाइल एक्सप्लोरर तिन्ही होती.

खरी तोड मात्र आधीच निघालेली होती, आणि ती साधी होती: ओळख एका रेडिओने करायची, ओझं दुसऱ्याने वाहायचं. २००९ च्या ब्लूटूथ ३.० मध्ये ही कल्पना होती. बोलणी ब्लूटूथवर आणि माल वाय-फायच्या रेडिओवरून. ती फारशी कोणी वापरली नाही आणि पुढे नियमावलीतूनही गेली. पण कल्पना टिकली. अॅपलने २०११ मध्ये मॅकसाठी आणि २०१३ मध्ये आयफोनसाठी एअरड्रॉप आणलं. ब्लूटूथ आजूबाजूला कोण आहे ते हुंगतं, मग दोन यंत्रं राउटरशिवाय थेट वाय-फायने जोडली जातात. नवल म्हणजे मॅकचं एअरड्रॉप आणि आयफोनचं एअरड्रॉप, एकाच नावाची आणि एकाच कंपनीची, वर्षभर एकमेकांना ओळखत नव्हती. मॅकच्या २०१४ मधल्या योसेमिटी या आवृत्तीपासून ती बोलू लागली.

अँड्रॉइडवाल्यांना गुगलचं निअरबाय शेअर ऑगस्ट २०२० मध्ये मिळालं, विंडोजवर ते २०२३ मध्ये पोचलं, आणि २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळून त्याच नावाने राहिलं. पण तोपर्यंत गाडी निघून गेली होती. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉट्सअॅप कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये आलं, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि वळसा घालून फाइल पाठवणं परवडू लागलं. शिवाय तिथे ओळखीचा प्रश्न मिटलेला होता: दहा आकडी नंबर. झेरॉक्सवाल्याच्या भिंतीवरचा तो कागद म्हणजे त्या प्रश्नाचं आपण शोधलेलं उत्तर आहे. त्याची किंमतही आहे. आधार कार्डाची प्रत दुकानदाराच्या फोनमध्ये राहून जाते, आणि ती पुसली का, असं विचारताना माणूस ओशाळतो.

थेट वाटेवरचा प्रश्न मात्र अजून तिथेच घुटमळतो आहे. २०२२ च्या अखेरीस अॅपलने एअरड्रॉपमधल्या ‘सगळ्यांसाठी खुलं’ या पर्यायाला दहा मिनिटांची मर्यादा घातली, आधी चीनमध्ये, मग सगळीकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये सेफब्रीच कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की विंडोजवरच्या क्विक शेअरमध्ये समोरच्याच्या संमतीवाचून फाइल ढकलता येत होती. गुगलने ती फट बुजवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने क्विक शेअर आणि एअरड्रॉप यांना एकमेकांशी बोलतं केलं, सुरुवातीला आपल्याच पिक्सेल १० फोनवर. अँड्रॉइडवरून आयफोनला किंवा मॅकला फाइल थेट जाते. अट एकच: समोरच्याने आपलं एअरड्रॉप ‘सगळ्यांसाठी, दहा मिनिटं’ असं उघडून ठेवलेलं असलं पाहिजे.