बिनसहीचा लेख: सोव्हिएत वृत्तपत्रांतल्या कलासमीक्षेची पार्श्वभूमी

सोव्हिएत काळातलं कलापरीक्षण हाती आलं, तर मजकुराआधी तळाशी पाहावं: सही आहे का? सही असली तर ते निदान कुणा एकाचं मत. ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात बिनसहीचा लेख आला की तो पक्षाचा शब्द मानला जाई.

सुरुवात अशी नव्हती. डिसेंबर १९१८मध्ये पेत्रोग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) ‘इस्कुस्त्वो कोम्मुनी’ हे कलेचं वृत्तपत्र निघालं. पहिल्याच अंकात दर्शनी पानावर मायाकोव्हस्कीची कविता होती. समीक्षक निकोलाय पुनिन संपादकांपैकी एक. जुनी कला मोडीत काढण्याची त्यातली भाषा शिक्षणमंत्री लुनाचार्स्कींना पटली नाही, तेव्हा त्यांनी त्याच पत्रात स्वतःच्या नावानं हरकत नोंदवली. मंत्र्यानं वाद घालायचा, तोही सही करून! पुढं हे दिसेनासं झालं. १९२०च्या दशकात चित्रकारांचे गट एकमेकांवर तुटून पडत, पण वरून निकाल येत नसे.

२३ एप्रिल १९३२च्या पक्षाच्या केंद्रीय समितीच्या ठरावानं सगळे गट बरखास्त झाले आणि त्यांच्या जागी कलाकारांचे अधिकृत संघ आले. १९३३ साली ‘इस्कुस्त्वो’ (कला) हे नियतकालिक सुरू झालं. त्याच वर्षी ओसिप बेस्किन यांचं चित्रकलेतल्या ‘फॉर्मॅलिझम’वरचं पुस्तक निघालं. आकार, रंग, रचना यांचाच विचार जास्त केल्याचा हा आरोप. त्याच्या जोडीला ‘नॅचरॅलिझम’, म्हणजे दिसतं तसं उतरवलं पण आशय नाही. या दोहोंतून सुटेल असं चित्र काढणं अवघडच, कारण रेघ कुठं ओढायची हे आधी कुणी सांगत नसे.

या यंत्रणेचा खरा नमुना १९३६चा. २८ जानेवारीला ‘प्रावदा’त संगीतकार शोस्ताकोविचच्या ऑपेरावर ‘संगीताऐवजी गोंधळ’ हा लेख आला. सही नव्हती, आज तो पत्रकार डेव्हिड झास्लाव्हस्कीनं लिहिल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. लेखाच्या दोनच दिवस आधी स्टालिन त्या ऑपेराचा प्रयोग अर्ध्यात सोडून उठला होता. ६ फेब्रुवारीला बॅले, २० फेब्रुवारीला वास्तुकला आणि १ मार्चला मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार यांची पाळी आली. या शेवटच्या लेखाचं मुख्य लक्ष्य होते व्लादिमिर लेबेदेव, म्हणजे १९२०च्या दशकातल्या रशियन चित्रपुस्तकांना वळण देणारा माणूस. सपाट रंगाचे ठोकळे, मोकळी पांढरी जागा, चेहऱ्याला दोन-तीन रेघा ही त्यांची रीत. लेखात तिला सरळ ‘रेघोट्या’ ठरवलं. त्यांची नंतरची चित्रं शेजारी ठेवली तर फरक लगेच दिसतो: गालांना गोलाई, कपड्यांना चुण्या. मराठीत आलेल्या रशियन बालपुस्तकांवर वाढलेल्यांना ही मऊ, घरगुती शैलीच अधिक ओळखीची वाटेल.

लेख छापला की काम संपत नसे, तिथून सुरू होई. संघात ‘चर्चा’ भरे; तिथं सहकारी उठून लेखाला दुजोरा देत आणि ज्याच्यावर लेख, त्यानं चूक कबूल करायची. गप्प बसणं हाही गुन्हा धरला जाई. मग बाकीची पत्रं तोच सूर उचलत. यानंतरचा फटका पोटावर. काम देणारं सरकार, चित्र विकत घेणारं सरकार, आणि प्रदर्शन ठरवणारंही तेच. त्यामुळं एका लेखानं कमाई थांबू शके.

या सापळ्यात समीक्षकही सापडले. २८ जानेवारी १९४९च्या ‘प्रावदा’नं नाट्यसमीक्षकांच्या एका गटाला ‘देशप्रेमहीन’ म्हटलं. त्यातले बरेच ज्यू होते. मोहीम चित्रकलेच्या समीक्षेत पसरली. पुनिनना त्याच वर्षी अटक झाली. १९५३मध्ये अबेझच्या कैद्यांच्या श्रमछावणीत ते वारले.

स्टालिननंतर धार बोथट झाली, पद्धत टिकली. १९६०मध्ये ‘मॉस्कोव्हस्की कोम्सोमोलेत्स’ या वृत्तपत्रानं चित्रकार ऑस्कर राबिन आणि त्यांच्या मित्रांना ‘उकिरडा क्रमांक आठचे पुजारी’ म्हणून हिणवलं. शीर्षक राबिनच्याच एका चित्रावरून उचललेलं. १ डिसेंबर १९६२ला मॉस्कोच्या मानेझ या प्रदर्शनगृहातलं प्रदर्शन पाहून तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव भडकला, त्यानंतर अमूर्त चित्रांविरुद्ध पुन्हा मोहीम उघडली.

फट सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. १९५७ साली निघालेलं ‘देकोरातिव्नोये इस्कुस्त्वो’ हे मासिक उपयोजित कलेचं. काचेच्या फुलदाणीत किंवा पडद्याच्या नक्षीत आशय शोधणं कुणालाच जमत नसे. त्यामुळं तिथं आकार, रंग, रचना यांवर उघडपणे लिहिता येई, आणि जाणते वाचक ते चित्रकलेबद्दलच वाचल्यासारखं वाचत.